तबकडीची नक्कल आणि रुजवात : लिनक्स संगणकाचा उपयोग

कागदाची नक्कल काढण्याची एक जुनी शिस्त आपल्या कार्यालयांत आहे. नक्कल लिहिणारा एक, ती मुळाशी ताडून पाहणारा दुसरा, आणि दोघांच्या सह्या झाल्याखेरीज नक्कल खरी मानली जात नाही. या ताडून पाहण्यालाच रुजवात घेणे म्हणतात. कागदाच्या बाबतीत पाळली जाणारी ही शिस्त डीव्हीडी तबकड्यांच्या बाबतीत मात्र सहज विसरली जाते. तबकडी यंत्रात घातली, पडद्यावर फाइलींची नावे दिसली, ती दुसरीकडे उतरविली, की प्रत झाली असा समज होतो. पुढे मूळ तबकडी हरवते किंवा निकामी होते, आणि प्रत उघडू गेल्यावर तिचा निम्मा भाग वाचता येत नाही असे ध्यानात येते. त्या वेळी उपाय उरलेला नसतो.

२००० सालानंतरच्या दीड दशकात अनेक कार्यालयांनी, शाळांनी व ग्रामपंचायतींनी आपला मजकूर डीव्हीडीवर ठेवला. ग्रामसभांची चित्रणे, कामांची छायाचित्रे, सर्वेक्षणांचे तक्ते, नकाशे, शाळेचे स्नेहसंमेलन, गावातील वृद्धांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण असे कितीतरी साहित्य आज कपाटांतील तबकड्यांवर आहे. त्यांपैकी काहींची दुसरी प्रत कोठेही नसते. दुसरीकडे, नव्या संगणकांत तबकडी वाचण्याचे यंत्र क्वचितच बसविलेले असते. सोनी कंपनीने तर कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबविले. तबकड्या आणि त्या वाचणारी यंत्रे हाती आहेत तोवरच त्यांवरील मजकूर सुरक्षित स्थळी नेणे अगत्याचे आहे. हे काम लिनक्स प्रणालीवरील विनामूल्य साधनांनी उत्तम प्रकारे करता येते. ते कसे करावे आणि त्यात रुजवात कशी घ्यावी, याचे विवेचन येथे केले आहे.

तबकडीची रचना

डीव्हीडीचा व्यास १२ सेंटिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर असते. पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकच्या प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून ती तयार होते. मजकूर या दोन चकत्यांच्या मध्ये, आतून बाहेर जाणाऱ्या एका सर्पिल रेषेवर असतो. रेषेच्या दोन वळणांतील अंतर ०.७४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असते. ही रेषा उलगडली तर तिची लांबी सुमारे १२ किलोमीटर भरेल. सीडीत हेच अंतर १.६ मायक्रॉन असते. रेषा अधिक दाट आणि तिच्यावरील खुणा अधिक आखूड असल्यामुळेच सीडीवर सुमारे ७०० मेगाबाइट, तर डीव्हीडीच्या एका थरावर सुमारे ४७० कोटी बाइट मजकूर मावतो. वेष्टणावर ही क्षमता ४.७ जीबी अशी छापलेली असते. संगणक १,०२४ च्या पटीत मोजत असेल, तर तो तीच क्षमता सुमारे ४.३८ दाखवितो. त्यात फसवणूक नसून केवळ मोजण्याच्या पद्धतीचा फरक आहे.

कारखान्यात छापलेल्या तबकडीवर सूक्ष्म खड्डे असतात. घरी किंवा कार्यालयात लिहिण्याच्या तबकडीवर खड्डे नसतात. तिच्यात एका सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो. लिहिताना तीव्र लेसर किरण त्या थरावर जागोजागी डाग पाडतो आणि वाचताना सौम्य किरण ते डाग ओळखतो. या क्रियेलाच व्यवहारात तबकडी 'राइट' किंवा 'बर्न' करणे म्हणतात. एकदा लिहिण्याच्या तबकड्या दोन जातींच्या असतात. एकीच्या नावात वजा चिन्ह असते, दुसरीच्या नावात अधिक चिन्ह. बहुतेक यंत्रे दोन्ही जाती स्वीकारतात, परंतु त्यांची क्षमता नेमकी सारखी नाही. वजा जातीवर ४,७०,७३,१९,८०८ बाइट मावतात, तर अधिक जातीवर ४,७०,०३,७२,९९२. त्यामुळे काठोकाठ भरलेल्या वजा तबकडीची प्रत अधिक जातीच्या तबकडीवर मावत नाही. खरेदी करतानाच हे ध्यानात घ्यावे. पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकड्या कायम अभिलेखासाठी वापरू नयेत.

बिघाड उशिरा का कळतो

रंगद्रव्य उष्णता, प्रकाश आणि दमटपणा यांनी हळूहळू फिके पडते. चकत्यांच्या सांध्यातून ओल शिरली तर परावर्तक थरही गंजू शकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत तबकड्या ४ ते २० अंश सेल्सिअस तापमानात आणि २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवाव्यात असे सांगितले आहे. कोकणातील पावसाळा आणि विदर्भातील उन्हाळा डोळ्यांसमोर आणला, तर आपल्याकडील साध्या कपाटातील तबकडीवर किती ताण पडत असेल याची कल्पना येते.

बिघाड लवकर दिसून येत नाही याचे कारण तबकडीच्या रचनेतच आहे. मजकूर २,०४८ बाइटांच्या खंडांत लिहिलेला असतो. असे १६ खंड मिळून एक गट होतो आणि प्रत्येक गटाबरोबर चुका दुरुस्त करण्यासाठी काही जादा आकडे लिहिलेले असतात. तबकडीवर ओरखडा उठला किंवा डाग फिका झाला, तर यंत्र या जादा आकड्यांवरून हिशेब करून हरवलेला मजकूर भरून काढते. वाचणाऱ्याला काहीच जाणवत नाही. चुका दुरुस्तीच्या मर्यादेपलीकडे गेल्या, की मात्र तो संपूर्ण गट एकाएकी वाचेनासा होतो. काल चालणारी तबकडी आज अडते ती यामुळे. म्हणून तबकडी नीट चालत असतानाच तिची प्रत करणे शहाणपणाचे ठरते.

लिनक्सची निवड कशासाठी

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनुस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रथम प्रसिद्ध केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या जीएनयू प्रकल्पातील साधनांशी त्याची सांगड पडली आणि कोणालाही वापरता, तपासता व वाटता येईल अशी संपूर्ण संगणक प्रणाली उभी राहिली. भारतात सी-डॅक या संस्थेने डेबियन या लिनक्स आवृत्तीच्या आधारे 'बॉस' ही प्रणाली तयार केली आणि केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त स्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले.

तबकड्यांच्या कामी लिनक्सचे तीन लाभ विशेष आहेत. पहिला, लागणारी सर्व साधने विनामूल्य मिळतात. दुसरा, जुन्या संगणकावरही तिच्या हलक्या आवृत्त्या चालतात आणि यूएसबीने जोडण्याचे बाहेरचे डीव्हीडी यंत्र सहसा वेगळी आज्ञावली न बसविताच ओळखले जाते. तिसरा लाभ सर्वांत महत्त्वाचा. लिनक्स तबकडीकडे एका अखंड फाइलीप्रमाणे पाहू देते. पहिल्या खंडापासून शेवटच्या खंडापर्यंत सारे जसेच्या तसे वाचता येते आणि ते मुळाशी ताडूनही पाहता येते.

पहिली पायरी : प्रतिमा घेणे

तबकडीवरील फाइली एकेक करून उतरविणे आणि तबकडीची पूर्ण प्रतिमा घेणे यांत मोठा फरक आहे. प्रतिमा म्हणजे तबकडीवरील प्रत्येक खंड त्याच क्रमाने एका मोठ्या फाइलीत उतरविणे. या फाइलीच्या नावाला 'आयएसओ' हे शेपूट लावण्याची पद्धत आहे. चित्रपटासारखी चालणारी डीव्हीडी असेल, तर तिच्यातील चित्रणाचे तुकडे ठराविक जागी असावे लागतात. अशा वेळी प्रतिमा घेणेच हितावह असते.

प्रथम तबकडी स्वच्छ करावी. मऊ, कोरड्या, सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे. गोलाकार पुसल्यास रेषेच्या दिशेने ओरखडा उठतो आणि तो अधिक घातक असतो. संगणकावर एका थराच्या डीव्हीडीसाठी सुमारे ५ जीबी मोकळी जागा आहे याची खात्री करावी. आज्ञा टंकित करण्याची सवय नसलेल्यांनी 'ब्रासेरो' किंवा 'के-थ्री-बी' या खिडकीच्या आज्ञावली वापराव्यात. ब्रासेरोमध्ये 'डिस्क कॉपी' हा पर्याय निवडून, प्रत कोठे करावयाची या ठिकाणी दुसऱ्या तबकडीऐवजी प्रतिमा-फाइल निवडली की काम सुरू होते. ज्यांना आज्ञा चालतात त्यांच्यासाठी 'डीडी' हे जुने साधन आहे. त्याला तबकडी-यंत्राचे नाव (ते बहुधा 'एसआर शून्य' असते), फाइलीचे नाव आणि २,०४८ हा खंडाचा आकार सांगावा लागतो. यंत्र वापरण्याची परवानगी नाकारली गेल्यास वापरकर्त्याचे नाव 'सीडीरॉम' या गटात घातले आहे की नाही ते पाहावे.

वाचता न येणारी तबकडी

डीडी पहिल्याच अडलेल्या खंडावर थांबते. अशा तबकडीसाठी 'जीएनयू डीडीरेस्क्यू' हे साधन फार उपयुक्त आहे. डेबियन कुळातील प्रणालींत ते 'जीडीडीरेस्क्यू' या नावाने बसवावे लागते. ते प्रथम सहज वाचता येणारा सर्व भाग उतरवून घेते, अडलेली जागा ओलांडून पुढे जाते आणि मग मागे राहिलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. कोणता खंड मिळाला आणि कोणता राहिला याची नोंद ते एका वेगळ्या फाइलीत ठेवते.

या नोंदफाइलीमुळे काम मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे चालू करता येते. एका यंत्राने न वाचलेले खंड दुसऱ्या कंपनीच्या यंत्राने वाचण्याचा प्रयत्न करता येतो. पुष्कळदा तो यशस्वीही होतो. एवढेच नव्हे, तर एकाच प्रतिमेवरून काढलेल्या दोन तबकड्या असतील, एक जिल्हा परिषदेत आणि एक पंचायत समितीत, आणि दोन्ही वेगवेगळ्या जागी खराब झालेल्या असतील, तर तीच नोंदफाइल वापरून दोहोंतील चांगल्या भागांची मिळून एक पूर्ण प्रतिमा तयार करता येते. शेवटी जे खंड मिळत नाहीत त्यांच्या जागी शून्ये राहतात. चित्रणात एखादा खंड गेल्यास क्षणभर चित्र विस्कटते, परंतु संकुचित करून बांधलेल्या फाइलीत तेवढ्यानेही सर्व फाइल उघडेनाशी होऊ शकते. म्हणून किती खंड मिळाले नाहीत याची लेखी नोंद अवश्य ठेवावी.

दुसरी पायरी : ठसा घेणे

प्रतिमा तयार झाल्यावर तिचा 'हॅश' काढावा. हॅश म्हणजे संपूर्ण फाइलीवर ठराविक गणिती क्रिया करून मिळणारा तिचा ठसा होय. 'एसएचए-२५६' या पद्धतीने तो ६४ चिन्हांचा येतो. ४७० कोटी बाइटांपैकी एकाच बाइटात बदल झाला तरी सर्व ठसा पालटतो. हे काम 'एसएचए-२५६-सम' या आज्ञेने होते आणि ती लिनक्सच्या बहुतेक सर्व आवृत्त्यांत अंतर्भूत असते. 'एमडी-५' ही जुनी पद्धत अपघाती बिघाड ओळखण्यास पुरेशी असली, तरी एकच ठसा देणाऱ्या दोन भिन्न फाइली मुद्दाम बनविता येतात हे २००४ मध्येच दिसून आले आहे. नव्या कामासाठी एसएचए-२५६ हीच पद्धत वापरावी.

कार्यालयांच्या दृष्टीने या ठशाला कायद्याचेही महत्त्व आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ याची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ याने घेतली. इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुराव्यात दाखल करताना या अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये द्यावयाच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश आणि तो काढण्याची पद्धत नमूद करण्याची जागा ठेवलेली आहे. प्रत करतेवेळीच ठसा नोंदवून ठेवला असेल, तर पुढे वाद उद्भवल्यास मजकुरात मधल्या काळात फेरफार झालेला नाही हे दाखविणे सुकर होते.

तिसरी पायरी : नवी तबकडी लिहिणे

प्रतिमा नव्या तबकडीवर उतरविण्यासाठी ब्रासेरो किंवा के-थ्री-बीमधील 'बर्न इमेज' हा पर्याय आहे. आज्ञेने काम करणारे 'ग्रोआयसोएफएस' किंवा 'झॉरिसो' वापरतात. येथे एक चूक वारंवार घडते. प्रतिमा-फाइल सामान्य फाइलीप्रमाणे तबकडीवर टाकली जाते आणि नव्या तबकडीवर मूळ मजकुराऐवजी एकच मोठी 'आयएसओ' फाइल दिसते. प्रतिमा 'उतरविण्याचा' पर्यायच निवडला आहे, हे लिहिण्यापूर्वी पाहावे.

वेगाविषयीही तारतम्य हवे. डीव्हीडीचा मूळ वेग, म्हणजे १ पट, सेकंदाला सुमारे १३.८५ लाख बाइट इतका आहे. त्या वेगाने पूर्ण तबकडी लिहिण्यास ५७ मिनिटे लागतात, ४ पट वेगाने सुमारे १५ मिनिटे. वेष्टणावर १६ पट छापलेले असले, तरी अभिलेखासाठी मध्यम वेग निवडावा आणि त्या जातीच्या पहिल्या तबकडीची कसून तपासणी करून मगच बाकीच्या लिहाव्यात. लिहिताना वीज गेली तर एकदा लिहिण्याची तबकडी बहुधा वायाच जाते. यासाठी संगणकाला यूपीएस जोडलेला असावा आणि त्या वेळी अन्य कामे थांबवावीत.

चौथी पायरी : रुजवात

तबकडी लिहून झाल्यावर ती यंत्राबाहेर काढून पुन्हा आत घालावी. तसे न केल्यास संगणक आपल्या स्मृतीत साठविलेला मजकूरच परत दाखविण्याची शक्यता असते आणि तपासणी व्यर्थ ठरते. शक्य असल्यास तपासणी दुसऱ्या यंत्रावर करावी. के-थ्री-बीमध्ये लिहिलेला मजकूर पडताळण्याचा 'व्हेरिफाय' हा पर्याय आहे, तो नेहमी चालू ठेवावा. आज्ञेने ताडून पाहावयाचे असल्यास 'सीएमपी' हे साधन तबकडी आणि प्रतिमा यांची बाइटगणिक तुलना करते.

या ठिकाणी एका गोष्टीने नवखा माणूस गोंधळतो. तबकडीवर लिहिताना शेवटचा १६ खंडांचा गट पुरा करण्यासाठी यंत्र काही कोरे खंड जोडते. संपूर्ण तबकडी वाचून तिचा ठसा काढला, तर या जादा खंडांमुळे तो प्रतिमेच्या ठशाशी जुळत नाही आणि प्रत चुकली असे वाटते. प्रत्यक्षात प्रतिमेत जितके बाइट आहेत तितकेच तबकडीवरून वाचून तुलना केली पाहिजे. तेवढा भाग जुळला की रुजवात पूर्ण झाली.

कायद्याची मर्यादा

वर सांगितलेली पद्धत कार्यालयाच्या, शाळेच्या वा पंचायतीच्या स्वतःच्या साहित्यासाठी आहे. बाजारातील चित्रपटांच्या बहुतेक तबकड्यांवर 'सीएसएस' नावाचे कुलूप असते. लिनक्सवर अशा तबकड्या चालाव्यात या हेतूने नॉर्वेतील योन लेक योहान्सेन या तरुणाचा सहभाग असलेली कुलूप उघडणारी आज्ञावली १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्यावर खटला झाला आणि २००३ मध्ये तो दोन्ही न्यायालयांत निर्दोष ठरला. तो निर्णय त्या देशाच्या तेव्हाच्या कायद्याखालचा होता. भारतात प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ यात २०१२ मध्ये घातलेल्या कलम ६५-अ नुसार, हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने असे संरक्षण भेदणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा व दंडाचा अपराध आहे. विकत घेतलेली शैक्षणिक तबकडी अनेक शाळांना वाटण्यापूर्वी प्रकाशकाची लेखी अनुमती घ्यावी.

नोंदवही आणि साठवण

प्रत्येक प्रतीची नोंद एका वहीत व्हावी. मूळ तबकडीचे नाव व वर्ष, प्रतिमेचा आकार, ठसा, न मिळालेले खंड, प्रत करणाऱ्याचे व रुजवात घेणाऱ्याचे नाव आणि दिनांक एवढे रकाने पुरेत. प्रतिमा-फाइल एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवून तिची दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत ठेवावी. आग वा पूर यांत दोन्ही एकदम जाऊ नयेत हा त्यातील हेतू. तबकडीवर कागदी चिठ्ठी चिकटवू नये, कारण गोंद आणि असमतोल दोन्ही बाधक असतात. पाण्याच्या शाईच्या मऊ टोकाच्या पेनाने मध्यभागीच्या पारदर्शक कड्यावर क्रमांक लिहावा. तबकड्या डबीत, पुस्तकाप्रमाणे उभ्या ठेवाव्यात. वर्षातून एकदा हार्ड डिस्कवरील प्रतिमांचे ठसे पुन्हा काढून वहीशी जुळवावेत. एखादा ठसा जुळला नाही, तर दुसऱ्या प्रतीवरून ती फाइल तत्काळ नव्याने घ्यावी. मूळ तबकड्या केवळ प्रत झाली म्हणून नष्ट करू नयेत. अभिलेख निकाली काढण्याचे नियम त्यांनाही लागू आहेत.

या कामास मोठा खर्च लागत नाही. एक जुना संगणक, एक बाहेरचे डीव्हीडी यंत्र, दोन हार्ड डिस्क आणि एक वही एवढ्या साहित्यावर शाळेतील शिक्षक किंवा पंचायतीतील संगणक चालक ते करू शकतात. ज्या तबकडीची दुसरी प्रत कोठेही नाही, तिच्यापासून प्रारंभ करावा. गावाने एकदा बोललेले, ठरविलेले आणि चित्रित केलेले पुढच्या पिढीला जसेच्या तसे मिळावयाचे असेल, तर नक्कल करणाऱ्याच्या सहीशेजारी रुजवात घेणाऱ्याची सहीही असली पाहिजे.